फिरत्या घरासाठी घडीचा सौर फलक

मोटारीच्या मागे जोडून नेण्याजोग्या लहानशा घरास अमेरिकेत कॅम्पिंग ट्रेलर असे म्हणतात. अशा ट्रेलरच्या छपरावर सौर फलक बसविण्याची पद्धत आता सर्वपरिचित झाली आहे. तथापि तीमध्ये एक मूलभूत विसंगती आहे. उन्हाळ्यात मुक्काम करणारा प्रवासी आपला ट्रेलर झाडाच्या सावलीत उभा करू इच्छितो. फलकास मात्र ऊन हवे असते. घरास सावली आणि फलकास ऊन ह्या दोन गरजा एकाच जागी भागत नाहीत. म्हणून फलक छपरापासून वेगळा करावा, प्रवासात त्याची घडी घालावी आणि मुक्कामाच्या ठिकाणी तो उन्हात मांडून लांब तारेने ट्रेलरमधील बॅटरीस जोडावा, अशी योजना पुढे आली.

योजना सोपी दिसते. परंतु ही सोय विनामूल्य मिळत नाही. बिजागरी, तार, जोडणी असे जे जे भाग हलते ठेवावे लागतात, तेथे तेथे ऊर्जेची गळती किंवा मोडतोड संभवते. प्रस्तुत लेखात अशा फलकाच्या रचनेचे विवेचन करावयाचे आहे. त्यातील मुख्य प्रतिपाद्य असे की, ह्या साधनाचे यश फलकाच्या वॅटसंख्येपेक्षा, फलक आणि बॅटरी ह्यांमधील आठ-दहा मीटरांचे अंतर आपण कसे हाताळतो, ह्यावर अधिक अवलंबून असते.

पूर्वपीठिका

प्रकाशापासून विद्युत् निर्माण होते, हे एदमाँ बेकरेल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ साली दाखवून दिले. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट मात्र १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन ह्यांनी सिद्ध केला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. १९५८ साली सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ ह्या उपग्रहावर सौर घट होते. आणि पुढच्याच वर्षीच्या एक्स्प्लोरर-६ ह्या उपग्रहाचे सौर पंख उड्डाणाच्या वेळी मिटलेले असून अंतराळात उघडले गेले. घडीच्या फलकाची कल्पना अशी जुनी आहे. प्रवासात जागा थोडी आणि मुक्कामी ऊन पुष्कळ, ही अडचण उपग्रहाची आणि ट्रेलरची सारखीच होय. आज बाजारात मिळणाऱ्या सिलिकॉन फलकांची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या आसपास किंवा तीहून अधिक असते. त्यामुळे दोन माणसांनी सहज उचलावा एवढ्या फलकातून घरगुती गरजेपुरती ऊर्जा मिळू शकते.

गरजेचा हिशेब

विवेचनासाठी ॲरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफ परिसर घेऊ. हे गाव सुमारे २,१०० मीटर उंचीवर असून त्याचा अक्षांश सुमारे ३५ अंश उत्तर आहे. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, असा तेथील शरद ऋतू असतो. अशा रात्री ट्रेलरमधील गॅसची शेगडी घर उबदार ठेवते. परंतु तिची ऊब खोलीत खेळविणारा पंखा विजेवर चालतो. पहाटे बॅटरी संपली की, टाकीत गॅस असूनही घर थंड पडते. तेव्हा येथे प्रश्न केवळ दिव्यांच्या सोयीचा नाही.

एका दिवसाचा खर्च साधारणपणे असा धरता येईल : दिवे ३० वॅट-तास, पाण्याचा पंप २०, दूरध्वनी व संगणक ७०, गॅससूचक आणि शीतपेटीचे नियंत्रण ६०, आणि ९० वॅटचा शेगडीचा पंखा तीन तास, म्हणजे २७०. एकूण ४५० वॅट-तास. ह्यात तीन-पंचमांश वाटा एकट्या पंख्याचा आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटरीत सुमारे १,२०० वॅट-तास साठतात. परंतु तिचे आयुष्य टिकवावयाचे तर निम्म्याहून अधिक ऊर्जा काढू नये. म्हणजे हाताशी ६०० वॅट-तास राहतात. एका दिवसाचा खर्च भागून थोडेसे शिल्लक उरते, एवढेच.

आता जमेची बाजू पाहू. दर चौरस मीटरवर १,००० वॅट इतक्या प्रखरतेचे ऊन दिवसभरात किती तासांइतके मिळाले, असे मोजण्याचा प्रघात आहे. ते पाच तास मानल्यास २०० वॅटच्या फलकापासून कागदोपत्री १,००० वॅट-तास मिळावयास हवेत. उष्णता, तार, नियंत्रक आणि बॅटरीतील रासायनिक क्रिया ह्यांत मिळून ३० ते ४० टक्के वजा जातात. हाती ६०० ते ७०० लागतात. तेव्हा प्रत्येकी १०० वॅटचे दोन फलक पुरेसे आहेत. परंतु गळती वाढली तर पुरेसे राहणार नाहीत.

सांगाडा

काच व ॲल्युमिनियमची चौकट असलेले १०० वॅटचे दोन फलक लांब बाजूंनी एकमेकांस बिजागऱ्यांनी जोडावेत. प्रत्येकाचे वजन सहा-सात किलोग्रॅम भरते. मिटल्यावर काचा आतील बाजूस, पुस्तकाच्या पानांप्रमाणे समोरासमोर याव्यात. त्यांमध्ये कडेला रबराच्या गाद्या ठेवाव्यात, म्हणजे धक्क्याने काच काचेवर घासणार नाही. भोके पाडावयाची ती चौकटीच्या कडेलाच. फलकाच्या पाठीमागील पातळ पडद्यास छिद्र पडल्यास दमट हवा आत शिरते आणि फलक कायमचा निकामी होतो. बाहेरील बाजूस मूठ, कडी आणि ॲल्युमिनियमच्या कोनपट्टीचे दोन पाय बसवावेत. दोन फलकांना जोडणारी तार बिजागरीवरून जाताना सैल वळसा घेऊन जाईल अशी ठेवावी. ताठ तार शेकडो वेळा दुमडली की तिचे धागे आतल्या आत तुटतात. कापडी आवरणातील लवचीक फलक वजनाने फारच हलके असतात. परंतु ते लवकर तापतात आणि काचेच्या फलकांइतके टिकत नाहीत.

पायांना ३०, ४५ व ६० अंशांच्या कलांसाठी भोके ठेवावीत. कलाचे महत्त्व हिवाळ्यात विशेष जाणवते. ३५ अंश अक्षांशावर डिसेंबरच्या अयनदिनी मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून केवळ साडेएकतीस अंश वर असतो. छपरावर सपाट पडलेल्या फलकास त्या वेळी थेट किरणांचा सुमारे ५२ टक्केच भाग मिळतो. योग्य कलाने मांडलेला फलक जवळजवळ पूर्ण भाग घेतो. जमिनीवरील फलकाचा हा मोठाच लाभ होय.

ह्या लाभाबरोबर वाऱ्याचे भय येते. ताशी ५४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब सपाटीवरील हवेत दर चौरस मीटरला सुमारे १४० न्यूटन असतो. दोन्ही फलकांचे क्षेत्रफळ १.१ चौरस मीटर धरल्यास हे बल सुमारे १५ किलोग्रॅम वजनाइतके, म्हणजे फलकांच्या स्वतःच्या वजनाएवढेच भरते. म्हणून पाय खुंट्यांनी जमिनीशी बांधणे, किंवा खडकाळ जागी वाळूच्या पिशव्यांनी दाबून धरणे, अनिवार्य आहे.

सावली आणि जोडणी

ह्या जातीच्या फलकात सामान्यतः ३६ घट एकसरीत जोडलेले असतात. त्यापासून महत्तम शक्ती सुमारे १८ व्होल्टवर मिळते आणि तेव्हा प्रवाह सुमारे ५.५ अँपिअर असतो. एकसरीतील प्रवाह सर्वांत दुबळ्या घटाने ठरतो. एका घटावर दाट सावली पडली तर उरलेल्या पस्तीस घटांचाही प्रवाह अडतो आणि सावलीतला घट स्वतः तापू लागतो. हे टाळण्यासाठी दर अठरा घटांमागे एक बगल-डायोड बसविलेला असतो. तो सावलीतील अर्धा भाग वगळून प्रवाहास वाट देतो. परंतु उरलेल्या अठरा घटांचा दाब नऊ व्होल्टच्या आसपासच असतो आणि तेवढ्याने १२ व्होल्टची बॅटरी भरत नाही. तात्पर्य, एकट्या फलकावर हाताच्या पंजाएवढी सावली पडली तरी भरण जवळजवळ थांबते. झाडाच्या एका फांदीने होणारे नुकसान तिच्या आकाराच्या प्रमाणात नसते.

दोन फलक समांतर जोडले तर एक सावलीत असताना दुसरा स्वतंत्रपणे काम करीत राहतो. दाब १८ व्होल्टच राहतो, प्रवाह ११ अँपिअर होतो. एकसरीत जोडल्यास दाब ३६ व्होल्ट होतो, प्रवाह ५.५ अँपिअर राहतो. ह्यांपैकी कोणती जोडणी पत्करावी, ह्याचे उत्तर तारेच्या विचारावाचून देता येत नाही.

तारेतील तूट

फलक ट्रेलरपासून ९ मीटरवर मांडला आहे असे समजू. प्रवाह जाऊन परत यावयाचा असल्याने तारेची लांबी १८ मीटर होते. २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.००६९ ओम, म्हणून एकूण ०.१२४ ओम. समांतर जोडणीतील ११ अँपिअर प्रवाहास ही तार सुमारे १.४ व्होल्टची तूट आणते आणि १५ वॅट शक्ती उष्णतेच्या रूपाने खाते. ६ चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास तूट ०.६ व्होल्टच्या आत येते आणि व्यय सुमारे ६ वॅट होतो. एकसरीत जोडून प्रवाह निम्मा केला, तर शक्तीचा ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे, बारीक तारेतही तो चौथाईवर, म्हणजे चार वॅटच्या आत येतो.

पंधरा वॅट ही हानी प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. परंतु खरा प्रश्न शक्तीचा नसून दाबाचा आहे. फलकावर लिहिलेले आकडे घटाचे तापमान २५ अंश सेल्सियस असतानाचे असतात. भर उन्हात घट ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. महत्तम शक्तीचा दाब दर अंशास सुमारे ०.४ टक्के घटतो असे धरल्यास १८ व्होल्टचे १५ व्होल्ट होतात. त्यातून तारेचे १.४ वजा केले की बॅटरीपाशी १३.६ व्होल्ट पोहोचतात. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरण्यासाठी मात्र सुमारे १४.४ व्होल्ट लागतात. फलक १४.४ व्होल्टपर्यंत चढू शकतो, परंतु प्रवाह कमी करूनच. आणि मग भरणाचा अखेरचा टप्पा इतका लांबतो की त्याआधी सूर्य मावळतो. हे रोज घडले तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक जमत जातात आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. फलक दिवसभर काम करीत असल्याचे दिसत असतानाच बॅटरी हळूहळू मरत असते.

नियंत्रकाचे स्थान

बॅटरी मर्यादेपलीकडे भरू नये म्हणून मध्ये नियंत्रक लागतो. तयार मिळणाऱ्या कित्येक घडीच्या संचांत तो फलकाच्याच पाठीवर बसविलेला असतो. दिसावयास हे सुटसुटीत आहे, परंतु तत्त्वतः चुकीचे आहे. नियंत्रक आपल्या टोकांशी असलेला दाब मोजतो. त्याच्यापाशी १४.४ व्होल्ट झाले आणि तारेतून ८ अँपिअर वाहत असले, तर बारीक तारेच्या दुसऱ्या टोकास बॅटरीवर केवळ १३.४ व्होल्टच असतात. बॅटरी भरत आली अशी नियंत्रकाची समजूत होते आणि तो प्रवाह आवरू लागतो. हाच नियंत्रक बॅटरीशेजारी, हातभर जाड तारेने जोडून ठेवला, तर त्यास बॅटरीची खरी स्थिती कळते. तारेतील तूट नियंत्रकाच्या आधी पडावी, नंतर पडू नये, असा नियम ह्यावरून सांगता येईल.

नियंत्रकाचे दोन प्रकार आहेत. पीडब्ल्यूएम हा स्वस्त प्रकार फलकास सरळ बॅटरीच्या दाबावर आणून बसवितो. त्यामुळे २०० वॅटच्या फलकांतून १३ व्होल्टवर सुमारे १४५ वॅटच हाती येतात. एमपीपीटी हा प्रकार फलकास त्याच्या अनुकूल दाबावर चालवून उरलेल्या दाबाचे प्रवाहात रूपांतर करतो. थंड हवेत त्याचा लाभ मोठा असतो. तापलेल्या फलकाची शक्ती मुळातच १७० वॅटपर्यंत उतरलेली असल्याने तेव्हा दोहोंतील अंतर पुष्कळ कमी होते. परंतु एकसरी जोडणी आणि लांब तार हवी असेल तर एमपीपीटीस पर्याय नाही. ३६ व्होल्टवरून उतरताना तारेतील व उष्णतेतील तूट सोसूनही त्याच्यापाशी पुरेसा दाब शिल्लक राहतो. मात्र थंडीत खुल्या मंडलातील दाब वाढतो, ह्याचे भान ठेवावे. २२ व्होल्टचे दोन फलक उणे १० अंशांस एकसरीत ४८ व्होल्टच्या पुढे जातात. नियंत्रकाची मर्यादा त्याहून स्पष्टपणे अधिक असली पाहिजे.

दक्षता

बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, धन तारेवर, २० अँपिअरचा फ्यूज असावा. हा फ्यूज फलकाच्या नव्हे, तर बॅटरीच्या भयाने घालावयाचा. तार कोठे चेपून मंडल-संक्षेप झाल्यास शेकडो अँपिअर वाहू शकतात ते बॅटरीतून. शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन निघत असल्याने नियंत्रक तिच्या बंद पेटीत ठेवू नये. जोडताना प्रथम बॅटरी नियंत्रकास व नंतर फलक जोडावा. सोडविताना क्रम उलट करावा. एकदिश प्रवाह वाहत असताना जोडणी ओढून काढल्यास ठिणगीची कमान पडून टोके जळतात. म्हणून आधी फलकावर घोंगडी टाकावी.

समारोप

सारांश, शरद ऋतूतील प्रवाशाने प्रत्येकी १०० वॅटचे दोन फलक, बॅटरीशेजारी नियंत्रक आणि मध्ये ९ मीटर तार अशी मांडणी करावी. नियंत्रक पीडब्ल्यूएम असेल तर समांतर जोडणी व ६ चौरस मिलिमीटरची तार, एमपीपीटी असेल तर एकसरी जोडणी व २.५ ची तार, अशा दोन सुसंगत निवडी आहेत. सावलीचा उपद्रव फार असेल तेथे पहिली बरी, अंतर फार असेल तेथे दुसरी. समांतर जोडणी, बारीक तार आणि पाठीवरचा नियंत्रक ही तिसरी निवड सर्वांत स्वस्त असते. तिची किंमत बॅटरीच्या आयुष्याने आणि एखाद्या थंड पहाटे चुकती करावी लागते. फलक मोठा घेण्यापूर्वी तार जाड घ्यावी आणि नियंत्रकाची जागा बदलावी, एवढेच ह्या विवेचनाचे फलित होय.