शेळी माजावर आली की ताईंना फोन

माणदेशात पावसाचा भरवसा कधीच नव्हता. पर्जन्यछायेतल्या आटपाडी-म्हसवडच्या पट्ट्यात आता त्याचं वेळापत्रकही मोडलं आहे. कधी जून-जुलै कोरडे जातात, तर कधी परतीचा पाऊस हाताशी आलेलं डाळिंब नासवून जातो. टेंभू योजनेचं पाणी आटपाडीत आलं, हे खरंच मोठं काम झालं. पण ज्या घराला रानच नाही, त्याची शिल्लक दावणीला असते. दोन-तीन शेळ्या, आणि त्याही बहुधा घरातल्या बाईच्या.

चेतना सिन्हा यांनी 1996 मध्ये म्हसवडला माणदेशी फाउंडेशन सुरू केलं. पुढच्याच वर्षी महिलांची सहकारी बँक उभी राहिली. 2012-13 च्या दुष्काळात फाउंडेशनने तिथेच चारा छावणी उघडली. गाय-म्हैस जगवायची तर ओला चारा आणि टँकर लागतोच. शेळी मात्र बाभळीच्या शेंगांवर, बोरीच्या पाल्यावर बरेच दिवस काढते.

अडचण असते ती बोकडाची. दोन शेळ्यांसाठी कुणी बोकड पोसत नाही. गावात एखादाच असतो, वर्षानुवर्षं तोच फिरतो आणि नात्यातल्या नात्यात रेतन होऊन करडं खुरटी निपजतात. फाउंडेशनने गावातल्याच बायकांना कृत्रिम रेतन करणाऱ्या ‘शेळी डॉक्टर’ म्हणून तयार केलं, ते इथे कामी येतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा या शिक्षणात हात आहे.

शेळी सारखी ओरडते, शेपूट हलवते, चाऱ्याला तोंड लावत नाही. मालकीण ओळखते आणि गावच्या शेळी डॉक्टर ताईंना फोन करते. माज दीड दिवसाच्या आतबाहेर टिकतो, म्हणून पाच-सात किलोमीटरवरचा सरकारी दवाखाना उघडण्याची वाट पाहून चालत नाही. ताई द्रव नायट्रोजनच्या भांड्यातून, उणे 196 अंशांतून, रेताची बारीक कांडी काढतात. कोमट पाण्यात, साधारण 37 अंशांना, अर्धं मिनिट. मग ती पुसायची, टोक कापायचं, नळीत बसवायची. हे सगळं उन्हाआड. मालकीण शेळीचे मागचे पाय उचलून धरते, ताई उजेड पाडून गर्भाशयाचं तोंड शोधतात. हात हलका हवा. घाईने इजा होते आणि शेळीही उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते.

बाईने बाईच्या दावणीला येऊन हे करावं, ही आपल्या गावगाड्यात लहान गोष्ट नाही. एरवी कुणापुढे न निघणारे प्रश्न इथे मोकळेपणाने निघतात: जंताचं औषध कधी, पीपीआर या साथीच्या रोगाची लस कधी, गाभणीला खुराक किती.

21 दिवसांनी ताई पुन्हा चौकशी करतात. माज उलटला नाही, तर पाचव्या महिन्यात शेळी विते. उलटला, तर पुन्हा एक कांडी. भांड्यातला नायट्रोजन मात्र झाकण लावलं तरी उडत राहतो. तो वेळेवर भरला नाही, तर आतल्या साऱ्या कांड्या वाया जातात. म्हणून भांडं भरून आणण्याचा दिवस त्या चुकवत नाहीत.