कातडीखाली शिरलेली हवा

दिल्लीचा रिंग रोड असो, गुरुग्रामकडे जाणारा महामार्ग असो, वा नोएडाचा द्रुतगती मार्ग असो. दुचाकीवरून पडलेल्या माणसाच्या अंगावर कित्येकदा मोठी जखम दिसत नाही. तो बोलत असतो, चार पावले चालतोही. परंतु तास-दोन तासांत त्याची मान फुगू लागते, गाल भरतात, पापण्या इतक्या सुजतात की डोळे मिटून जातात आणि आवाज बदलतो. घरच्या मंडळींस वाटते, मुका मार असेल. लेप लावावा, शेकावे. अशा वेळी त्या सुजेवर बोटे हलकेच टेकून पाहावीत. पातळ फडक्याखाली चुरमुरे पसरावेत आणि त्यांवर बोट दाबावे, तशी कुरकुर जाणवली, तर ती सूज रक्ताची किंवा पाण्याची नव्हे, हवेची आहे असे समजावे.

ही हवा बाहेरून क्वचितच येते. बरगडी मोडली की तिचे टोकदार अग्र फुप्फुसात व त्याच्या आवरणात घुसते. मग प्रत्येक श्वासागणिक थोडी हवा फुप्फुसाबाहेर पडते, छातीच्या पोकळीत साठते आणि फाटलेल्या आवरणातून कातडीखालच्या सैल भागात पसरते. मान आणि पापण्या येथील कातडी सर्वांत सैल. म्हणून सूज तेथे अधिक दिसते. चेहरा ओळखू येऊ नये इतका विद्रूप झाला, तरी ही हवा स्वतः सहसा घातक नसते. घातक असते ते तिचे उगमस्थान. छातीत कोंडलेली हवा वाढत गेली, तर फुप्फुस मिटते, हृदय एका बाजूस ढकलले जाते आणि काही मिनिटांत प्राणावर बेतते. धाप लागणे, ओठ निळे पडणे, नाडी जलद व क्षीण होणे ही त्याची चिन्हे होत. येथे लेप-शेकात वेळ दवडणे म्हणजे रोग्याचा जीव धोक्यात घालणे होय.

मोडलेली बरगडी हे एकच कारण मात्र नव्हे. दिल्लीच्या हिवाळी धुरक्यात दम्याचा त्रास बळावतो. खोकल्याच्या तीव्र उबळीने फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोश फुटून हवा मानेपर्यंत चढू शकते. लुई हॅमन या अमेरिकी वैद्याने १९३९ साली या प्रकाराचे वर्णन केले. त्यात बहुधा विश्रांती व देखरेख पुरते. कोविडच्या साथीत, २०२० व २०२१ साली, कृत्रिम श्वसनयंत्रावरील अनेक रुग्णांतही ही हवा आढळली. फरीदाबाद, ओखला, मानेसर येथील कारखान्यांत दाबाच्या हवेच्या नळीने कपडे झटकण्याची सवय दिसते. हातावर लहानशी जखम असली, तरी तिच्यातून ती हवा आत घुसू शकते. फार जोराने व वारंवार ओकारी होऊन छातीत असह्य वेदना उठली आणि मान कुरकुरू लागली, तर अन्ननलिका फाटल्याचा संशय धरावा. जखमेच्या भोवती कुरकुर, दुर्गंधी व ताप असेल, तर ती हवा जंतूंनी निर्माण केलेली असते; त्यास गॅस गँग्रीन म्हणतात व तेथे शस्त्रक्रियेस विलंब चालत नाही.

उपचाराचे मूळ तत्त्व साधे आहे: गळती शोधावी, हवेस वाट द्यावी. क्ष-किरण चित्र काढून, काखेच्या खाली दोन बरगड्यांमधून छातीत नळी बसवितात व तिचे दुसरे टोक बाटलीतील पाण्याखाली ठेवतात. हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, परंतु पाण्यामुळे परत आत जाऊ शकत नाही. भेटीस येणाऱ्या आप्तांनी ही बाटली छातीच्या पातळीहून वर कधीही उचलू नये. पाणी छातीत ओढले जाण्याचे भय असते. बुडबुडे दिसत असता नळी चिमटून बंद करणे त्याहून वाईट. कातडीखालची हवा मात्र बहुधा आपोआप रक्तात शोषली जाते. शुद्ध प्राणवायू दिल्यास रक्तातील नत्रवायू कमी होऊन हे शोषण वेगाने घडते. सूज फारच वाढून श्वास अडू लागला, तरच गळ्याच्या हाडाखाली लहान छेद घेतात. घरी सुई टोचून हवा काढण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

अपघातग्रस्तास उचलून नेण्यास पुष्कळ जण कचरतात. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल ही भीती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा मदतनिसांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने त्यास आधार दिला. ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. शहरात १९५६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व तिच्या समोरचे सफदरजंग रुग्णालय आहे. परंतु रस्ता लांबचा असेल, तर जेथे छातीत नळी बसविता येते ते जवळचे रुग्णालय गाठणे श्रेयस्कर.

दिल्लीतील मराठी कुटुंबांस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. रोगी सावरताच त्यास विमानाने पुण्या-मुंबईस न्यावे असे मनात येते. विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, आणि शरीरात कोंडलेली हवा तेथे सुमारे एकतृतीयांशाने फुगू शकते. क्ष-किरण चित्रात छाती निर्मळ दिसेपर्यंत, व त्यानंतरही डॉक्टर अनुमती देईपर्यंत, विमानाचे तिकीट काढू नये.