द अँबर स्पायग्लास

द अँबर स्पायग्लास ही इंग्रज लेखक फिलिप पुलमन यांची इ.स. २००० मध्ये प्रकाशित झालेली अद्भुतरम्य साहसकादंबरी आहे. नॉर्दर्न लाइट्स (१९९५) आणि द सटल नाइफ (१९९७) यांच्यानंतरचा हा हिज डार्क मटेरियल्स या त्रयीचा अखेरचा खंड होय.

कथानक

लायरा आणि विल ही किशोरवयीन मुले मृतांच्या जगात उतरतात व तेथे बंदिस्त असलेल्या आत्म्यांना मुक्तीची वाट खुली करून देतात. अखेरीस दोघांनाही आपापल्या जगात परतावे लागते आणि त्यांची कायमची ताटातूट होते.

समीक्षकांचा प्रतिसाद

कल्पनाविश्वाचा विस्तार, वैचारिक खोली आणि सुखान्ताचा मोह टाळणारा शेवट यांसाठी समीक्षकांनी या खंडाची प्रशंसा केली. त्रयीचे नाव जॉन मिल्टन यांच्या पॅरडाइज लॉस्ट या महाकाव्यातून घेतले आहे. मात्र त्या काव्यात मानवाचे पतन मानलेली घटना पुलमन यांनी प्रौढत्वाकडे नेणारे आवश्यक पाऊल म्हणून मांडली. धर्मसंस्थेवरील टीका कथेवर मात करते, असा आक्षेपही काहींनी घेतला.

पुरस्कार

२००१ मध्ये बुकर पारितोषिकाच्या प्राथमिक यादीत या कादंबरीचा समावेश झाला. व्हिटब्रेड बालसाहित्य पुरस्कारापाठोपाठ जानेवारी २००२ मध्ये तिला २००१ या वर्षासाठीचा व्हिटब्रेडचा सर्वोच्च पुरस्कारही जाहीर झाला. दोन वर्षांपूर्वी हॅरी पॉटर मालिकेतील तिसऱ्या पुस्तकाला शेमस हीनी यांच्या बेवुल्फच्या अनुवादापुढे हा मान थोडक्यात गमवावा लागला होता. प्रौढांच्या कादंबरी, काव्य व चरित्रग्रंथांना मागे टाकून हा सन्मान मिळवणारे हे पहिले बालपुस्तक ठरले.