आठ वर्षांची परीक्षक

प्रकाशकाकडे आलेले प्रत्येक हस्तलिखित छापले जातेच असे नाही. ते आधी जाणत्या परीक्षकांना वाचावयास देतात आणि त्यांच्या अभिप्रायावर त्याचे भवितव्य ठरते. जे. के. रोलिंग या तेव्हा अपरिचित असलेल्या लेखिकेची पहिली कादंबरी १९९६ साली लंडनच्या ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेकडे आली, तेव्हा अनेक प्रकाशकांनी तिला नकार दिलेला होता. संस्थेचे प्रमुख नायजेल न्यूटन यांनी आरंभीची पाने घरी नेली व आपल्या आठ वर्षांच्या कन्येच्या हाती ठेवली.

मुलीने ती वाचून वडिलांना एक चिठ्ठी लिहिली. या वाचनाने मनाला ऊब वाटली; आपल्या वयाच्या मुलांनी वाचावीत अशा उत्तम पुस्तकांपैकी हे एक असावे, असा तिचा अभिप्राय होता. ‘असावे’ ही सावधगिरी मोठी गोड आहे! पुढचा भाग मिळावा म्हणून मात्र तिने कित्येक महिने वडिलांचा पिच्छा पुरवला. चिठ्ठीपेक्षा हा तगादा अधिक बोलका होय.

तिला एवढी ओढ कशाची लागली? पहिल्या प्रकरणात शाळा मुळी येतच नाही. एक मांजर नकाशा वाचताना दिसते. भरदिवसा घुबडे उडतात. रात्री एक वृद्ध गृहस्थ रस्त्यावरील दिवे एकेक करून विझवतो आणि कपाळावर विजेच्या आकाराचा व्रण असलेले एक तान्हे मूल परक्या दारात ठेवले जाते. लेखिका यांतील फारच थोड्याचा उलगडा करते. ते मूल, हॅरी, अकरा वर्षांचे झाल्यावर त्याला हॉग्वर्ट्‌स या जादूच्या शाळेचे बोलावणे येते. ही शाळा एका प्रचंड किल्ल्यात भरते. तेथे १४२ जिने आहेत. त्यांतील काही शुक्रवारी भलत्याच ठिकाणी नेऊन सोडतात! तिसऱ्या मजल्यावरील एका भागात जाण्यास विद्यार्थ्यांना सक्त मनाई आहे. मनाई केली की कुतूहल वाढतेच. जे हॅरीला कळते तेवढेच वाचकाला कळते. त्यामुळे त्याचा एका शिक्षकावर संशय बसला की वाचकही त्याच शिक्षकाकडे डोळे वटारून पाहू लागतो.

बालपरीक्षकाची ही प्रथा लंडनला नवी नव्हती. १९३६ साली प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांचा दहा वर्षांचा मुलगा रेनर याने ‘द हॉबिट’ या पुस्तकावर अभिप्राय लिहून एक शिलिंग मिळवला होता. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना ते आवडेल, असा निर्वाळा या दहा वर्षांच्या ‘प्रौढ’ गृहस्थाने दिला होता.

रोलिंग यांची कादंबरी २६ जून १९९७ रोजी प्रसिद्ध झाली. पुठ्ठा बांधणीच्या अवघ्या ५०० प्रती प्रथम छापल्या होत्या. मराठीत ती ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने आली आहे. मनाई केलेल्या त्या दाराआड काय जपून ठेवले आहे, याची सूचना या नावातच मिळते. ते कोणाला हवे आहे, हे मात्र वाचूनच कळावयाचे.