गर्भावस्थेतील मधुमेह : रक्तशर्करेचे आकडे आणि रूढ समज

गरोदरपणात प्रथमच आढळून येणारी, रक्तातील साखर प्रमाणाबाहेर वाढण्याची अवस्था म्हणजे गर्भावस्थेतील मधुमेह. हा विकार गोड खाण्याचे फळ आहे, असा समज घराघरांत आढळतो आणि त्याचा सारा दोष अर्थातच त्या स्त्रीच्या माथी येतो. वास्तविक वारेतून, म्हणजे गर्भाला पोषण पुरवणाऱ्या अवयवातून, स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे आईच्या शरीरावरील इन्सुलिनचा प्रभाव कमी होत जातो. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन स्रवून ही तूट भरून काढते, आणि जिथे ते तोकडे पडते तिथे साखर वाढते. या वाढीची लक्षणे बहुधा जाणवतच नाहीत, त्यामुळे ‘काही त्रास नाही, मग तपासणी कशाला’ हा युक्तिवाद टिकत नाही. भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदरपणातील पहिल्याच तपासणीत आणि ती निर्दोष आल्यास पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन 2 तासांनी रक्त तपासले जाते. स्त्री जेवून आली असली तरी चालते, आणि आकडा 140 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक आला तर निदान होते.

निदानानंतर ‘सकाळची उपाशीपोटीची साखर चांगली आहे, तेवढे पुरे’ असे मानणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. पुष्कळ स्त्रियांची उपाशीपोटीची साखर मर्यादेत राहते आणि जेवणानंतर मात्र चढते. ही चढलेली साखर वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, गर्भाचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करू लागते आणि त्यामुळे बाळ वाजवीपेक्षा मोठे होण्याचा, तसेच जन्मानंतर त्याची साखर एकाएकी उतरण्याचा धोका संभवतो. म्हणूनच सर्वसाधारण उद्दिष्टे वेळेनुसार वेगवेगळी असतात : उपाशीपोटी 95 पेक्षा कमी, जेवणानंतर 1 तासाने 140 पेक्षा कमी किंवा 2 तासांनी 120 पेक्षा कमी. हा वेळ जेवणाच्या पहिल्या घासापासून मोजायचा असतो, हात धुतल्यापासून नव्हे. वेळ न लिहिलेला आकडा डॉक्टरांच्या फारसा उपयोगाचा नसतो.

ग्लुकोमीटर, म्हणजे बोटातील रक्ताच्या थेंबावरून साखर मोजणारे घरगुती यंत्र, आणि प्रयोगशाळा यांचे आकडे जुळले नाहीत की यंत्र बिघडले असे सर्रास ठरवले जाते. मान्य आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 किंवा त्यापुढील आकड्यांत 15 टक्क्यांपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो, शिवाय जेवणानंतर बोटाच्या रक्तातील साखर शिरेतील रक्तापेक्षा मुळातच काहीशी अधिक असते. खरी गफलत बहुधा बोटावरच होते. केळे किंवा आंबा सोलून हात न धुता थेंब घेतला, तर त्वचेवरील फळाची साखर त्यात मिसळते आणि आकडा भलताच वर जातो; निर्जंतुक करणारे द्रव्य चोळून ती साखर जातेच असे नाही. साबणाने हात धुऊन कोरडे करावेत, बोटाच्या टोकाच्या मध्यभागाऐवजी कडेला सुई टोचावी (तिथे दुखतेही कमी), थेंबासाठी बोट पिळू नये, आणि दमट हवेत खराब होणाऱ्या पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावावे.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी केली की रोजचे टोचणे टळते, हाही भ्रमच. गरोदरपणात तांबड्या पेशींचे आयुष्य घटते, म्हणून हा आकडा फसवा कमी येऊ शकतो, आणि जेवणानंतरचे चढउतार त्यात दिसत नाहीत. लघवीतील साखरेवरही विसंबता येत नाही, कारण गरोदरपणात रक्तशर्करा सामान्य असतानाही ती लघवीत उतरू शकते.

आहाराबाबत दोन्ही टोके गाठली जातात. ‘दोन जिवांची’ म्हणून ताट वाढवले जाते, नाहीतर आकड्याच्या धास्तीने जेवणच टाळले जाते. उपासमारीने शरीर चरबी जाळू लागून रक्तात कीटोन नावाचे घटक वाढतात आणि तेही इष्ट नाही. साखरेऐवजी गूळ वापरल्याने फरक पडत नाही, आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

इन्सुलिन बाळाला बाधते आणि एकदा सुरू केले की जन्माचे पाठीस लागते, या भीतीने उपचार लांबवणे तर सर्वस्वी अनाठायी आहे. आईला दिलेले इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जवळजवळ जातच नाही. गरोदरपणात मात्रा वाढते ती संप्रेरकांचा जोर वाढल्यामुळे, आणि वार पडल्यावर बहुतेक स्त्रियांना ते लागत नाही.

तरीही प्रसूतीबरोबर प्रकरण मिटले असे समजू नये, कारण अशा स्त्रियांना पुढे टाइप 2 मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या निदान सातपट असतो. प्रसूतीनंतर 6 आठवड्यांनी 75 ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पुन्हा करायची असते, या वेळी मात्र उपाशीपोटी. बाळाची दीड महिन्याची लसही त्याच सुमारास असते. बाळाला नेताना आईने स्वतःचीही तपासणी करून घ्यावी.