पडद्याची जाडी

मधुमेह घरात आला की काही आकडे घरातल्या सगळ्यांनाच पाठ होतात. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, तीन महिन्यांची सरासरी, वरचा आणि खालचा रक्तदाब. नातवंडेसुद्धा विचारतात, ‘आजोबा, आज किती आली?’ या यादीत आणखी एक आकडा असायला हवा. बहुतेकांनी तो ऐकलेलाही नसतो. तो म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याची जाडी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा आकडा परक्याच्या घरचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

मी डॉक्टर नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात ३१ वर्षे तपासणी विभागात होतो. लेथवरून उतरलेला जॉब हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, ड्रॉइंगशी ताडून पाहायचा आणि पास की रिजेक्ट ते ठरवायचे, यात उमेदीचा काळ गेला. मायक्रॉन हा शब्द त्यामुळे माझ्या रोजच्या बोलण्यातला. मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. निवृत्तीनंतर हा शब्द पुन्हा कानावर पडेल आणि तोही स्वतःच्या डोळ्याच्या संदर्भात, असे मात्र कधी वाटले नव्हते.

आपल्या डोळ्याच्या मागच्या बाजूला, आतून अस्तर लावावे तसा एक नाजूक पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. बाहेरचे चित्र त्याच्यावर उमटते आणि तेथून मेंदूकडे जाते. या पडद्याच्या मधोमध पीतबिंदू नावाचा छोटासा भाग आहे. पेपर वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखणे, ही सगळी बारीक कामे त्याच्या जिवावर चालतात. तेथे पडद्याची जाडी असते जेमतेम पाव मिलिमीटर. आपल्या हातातल्या वर्तमानपत्राचे चार कागद एकावर एक दाबून धरा, साधारण तेवढी.

मधुमेह बरीच वर्षे अंगात राहिला की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्यांतून पाणी पाझरते आणि पडद्याच्या थरांमध्ये साचते. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, तसाच हा प्रकार. भिंत आतून ओली होते, गिलावा फुगतो, पण रंगाचे पोपडे पडेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. पडदाही असाच सुजतो. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लाल होत नाही. एका डोळ्याचे काही बिघडले तरी दुसरा सांभाळून घेतो. अक्षरे धूसर झाली तर आपण दोष देतो चष्म्याच्या नंबरला, नाही तर मोतीबिंदूला. ‘मला दिसतंय ना व्यवस्थित, मग कशाला तपासायचं?’ हे वाक्य किती घरांत ऐकू येत असेल! दृष्टी ही अशा बाबतीत फार उशिरा साक्ष देते.

पूर्वी ही सूज ओळखायची तर डॉक्टरांच्या नजरेवर सगळी भिस्त असे. बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे, भिंगातून पाहायचे आणि पडदा उचलल्यासारखा दिसतो का, याचा अंदाज बांधायचा. अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासाने १९८५ साली दाखवून दिले, की अशा सुजेवर वेळीच लेसर केल्यास दृष्टी बऱ्यापैकी कमी होण्याचा धोका निम्म्यावर येतो. उपाय सापडला होता, पण सूज किती, वाढली की उतरली, हे आकड्यात सांगायची सोय नव्हती. माझ्यासारख्याच्या भाषेत सांगायचे तर जॉब होता, मायक्रोमीटर नव्हता.

तो मायक्रोमीटर तयार झाला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. जेम्स फुजिमोटो, त्या वेळी विद्यार्थी असलेले डेव्हिड ह्वांग, एरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे तंत्र मांडले. त्याचे नाव ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, आपल्या दवाखान्यांतला बोलीतला शब्द ओसीटी. या तिघांना २०२३ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

सोनोग्राफी आपल्या ओळखीची आहे. आवाज आत पाठवायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून आतले चित्र काढायचे. ओसीटीत आवाजाच्या जागी प्रकाश असतो. पण प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, त्याचा प्रतिध्वनी घड्याळ लावून मोजता येत नाही. म्हणून युक्ती केली जाते. एका किरणाचे दोन भाग करतात. एक डोळ्यात जातो, दुसरा आरशाकडे. परत आल्यावर दोघांची गाठ घालून देतात. पाण्यात दोन खडे टाकले की तरंग एकमेकांत मिसळून नक्षी होते, तशी नक्षी या किरणांची होते आणि तिच्यावरून पडद्याचा कोणता थर किती खोल आहे ते कळते. डोळ्याला काही टोचत नाही, किरणोत्सर्ग नाही. हनुवटी टेकवायची, समोरच्या खुणेकडे पाहायचे, काही सेकंदांत काम होते. केकचा काप उभा धरावा तसे पडद्याचे थर समोर दिसतात. पाणी साचले असेल तर मध्ये काळे फुगे दिसतात.

मला मधुमेह होऊन १४ वर्षे झाली होती. २०२१ सालच्या वार्षिक तपासणीत तक्त्यावरची शेवटची ओळ मी सहज वाचली. तरी डॉक्टरीणबाईंनी ओसीटीचा कागद पुढे ठेवला आणि म्हणाल्या, ‘काका, उजवा ठीक आहे, २६८. डावा मात्र ३३१ आहे.’ मी विचारले, ‘टॉलरन्स किती?’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘या मशीनवर पुरुषांसाठी साधारण ३०५ च्या पुढे आम्ही सूज म्हणतो. बायकांसाठी थोडी कमी.’

घरी आल्यावर सौभाग्यवतींचा एकच प्रश्न : ‘अहो, मग इंजेक्शन का नाही दिलं?’ प्रश्न रास्त होता. पाझर वाढवणाऱ्या शरीरातल्या एका द्रव्याला रोखणारी इंजेक्शने डोळ्यात देतात. मधुमेहाच्या सुजेसाठी त्यांपैकी एकाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली मान्यता दिली. त्यांनी असंख्य लोकांची नजर वाचवली आहे. पण सूज आहे आणि दृष्टी मात्र उत्तम आहे, अशा माणसांचे काय? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा ७०२ जणांचे तीन गट केले. काहींना लगेच इंजेक्शन, काहींना लेसर, तर काहींवर नुसती बारीक नजर आणि दृष्टी उतरली तर इंजेक्शन. दोन वर्षांनी दृष्टी घटलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले : १६, १७ आणि १९ टक्के. म्हणजे नुसत्या आकड्यावर उपचार करायचा नसतो. माणसाची दृष्टी, त्याची साखर, त्याचा रक्तदाब यांच्या शेजारी ठेवून तो आकडा वाचायचा असतो. मात्र नजर ठेवणे म्हणजे विसरून जाणे नव्हे. पुढची तारीख त्या कागदावरच लिहिलेली होती.

मध्यंतरी नेहमीचे मशीन दुरुस्तीला गेले म्हणून ओसीटी दुसऱ्या केंद्रात काढली. डाव्याचा आकडा आला ३५२! तेथे कोणी काही समजावून सांगितले नाही, हातात पाकीट दिले आणि पुढचा नंबर पुकारला. त्या रात्री आमच्या घरात कोणाला धड जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. निरनिराळ्या कंपन्यांची मशीन पडद्याची खालची कड वेगवेगळ्या थराला धरतात, त्यामुळे त्याच डोळ्याचा आकडा वीस-पंचवीस मायक्रॉनने सहज वेगळा येतो. पत्रा रंगासकट मोजला की रंग खरवडून, एवढाच फरक! कारखान्यात आम्ही तोच जॉब त्याच गेजने मोजत असू, त्यामागचे शहाणपण येथेही लागू आहे. शक्यतो त्याच मशीनवर मोजावे, जुने कागद फाइलला लावून सोबत न्यावेत. आणि डोळा हलला किंवा मोतीबिंदू दाट असला तर मशीन कडेची रेघ चुकीची आखू शकते, म्हणून आकड्याबरोबर डॉक्टरांनी चित्रही पाहिलेले असावे.

आठ महिन्यांनी माझ्या डाव्या डोळ्याला तक्त्यावरच्या शेवटच्या दोन ओळी वाचता येईनात. जाडी होती ३९८. मग मात्र इंजेक्शने सुरू झाली. डोळा बधिर करतात, भीती वाटते त्यामानाने त्रास थोडा. पाच इंजेक्शनांनंतर जाडी २९० वर आली आणि गेलेल्यातली एक ओळ परत मिळाली. दुसरी अजून आलेली नाही. पण दोनच ओळी गेल्या, दहा गेल्या नाहीत, याचे कारण तो आकडा आणि ती पुढची तारीख.

एक गोष्ट विसरू नये. ओसीटी प्रामुख्याने पडद्याचा मधला भाग दाखवते. कडेला नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या फुटत असतील तर त्या पाहायला थेंब घालून संपूर्ण पडदा तपासावाच लागतो. ‘ओसीटी चांगली आली’ म्हणजे डोळा चांगला, असे नव्हे. शिवाय पाझराचे मूळ रक्तात आहे. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाने १९९८ साली दाखवले, की साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवले तर पडद्याचे नुकसान लक्षणीय कमी होते. भिंतीला कितीही गिलावा केला तरी गळकी पन्हळ तशीच ठेवून कसे चालेल?

तेव्हा वाचकहो, आपल्या घरात ज्याला मधुमेह आहे त्याचा पडदा या वर्षी तपासला आहे का, एवढे आज विचारा. मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहात निदान झाल्याबरोबर आणि नंतर दरवर्षी. लहान वयापासून इन्शुलिन घेणाऱ्यांनी पाच वर्षांच्या आत आणि मग दरवर्षी. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीने दिवस राहिले तर लगेच. ‘मला सगळं दिसतंय’ असे उत्तर मिळाले तर वाद घालू नका. दिसते आहे तोवरच तर मोजून घ्यायचे असते.