पाहुणचार आणि काटकसर

महाबळेश्वर हे कृष्णेचे उगमस्थान. पावसाळ्यात येथे पाच हजार मिलिमीटरांहूनही अधिक पाऊस कोसळतो. परंतु डोंगरउतारावरून ते पाणी पाहता पाहता वाहून जाते, आणि उन्हाळ्यात आसपासच्या वाड्यावस्त्यांवर घागरभर पाण्यासाठी वणवण करावी लागते. नेमकी त्याच दिवसांत पाहुण्यांची रीघ लागते. येथील नाजूक निसर्गाचे रक्षण व्हावे, म्हणून केंद्र सरकारने २००१ साली महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 'पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र' म्हणून घोषित केला.

अशा ठिकाणी हॉटेल चालविणे ही मोठी जबाबदारी आहे. पाण्याची बचत करणारी साधने विकत आणता येतात. परंतु ती हाताळतात माणसेच. म्हणून सेवकांना या कामाचे रीतसर शिक्षण द्यावे लागते.

खोली आवरणाऱ्या सेवकाने गळका नळ दिसताच त्याच दिवशी कळवावे, हा या शिक्षणातील पहिला धडा होय. सेकंदाला एकच थेंब गळाला, तरी दिवसभरात ८६,४०० थेंब वाया जातात! स्वयंपाकघरात ओला व सुका कचरा निरनिराळा ठेवावा लागतो. भाजीची देठे व साली यांचे उत्तम खत होते. परंतु त्यांत काच किंवा प्लॅस्टिक मिसळले, की ते खत शेताच्या उपयोगाचे राहत नाही.

कोणते काम कसे करावे, एवढेच सांगून भागत नाही. ते का करावे, हेही सांगावे लागते. पुष्कळ हॉटेलांच्या न्हाणीघरांत अशी सूचना असते, की दांडीवर ठेवलेला टॉवेल पाहुणा पुन्हा वापरणार आहे, असे समजले जाईल. समजा, पाहुण्याने टॉवेल दांडीवर ठेवला; परंतु त्या सूचनेचा हेतू ठाऊक नसलेल्या सेवकाने तो सवयीने उचलून धुवावयास नेला. मग काय होईल? पाणी, साबण आणि वीज तर गेलीच. शिवाय पाहुण्याचा विश्वासही गेला. हा सारा देखावा आहे, असे मानून तो दुसऱ्या दिवशी टॉवेल खुशाल जमिनीवर टाकील.

याच्या उलट, वाचलेले पाणी आपल्याच परिसराच्या उपयोगी पडणार आहे, हे ज्या सेवकाला उमगले, त्याला नळ बंद करण्यास कोणी सांगावे लागत नाही.

मुलांनो, तुम्हीही कधी प्रवासास जाल. अतिथीला आपण देव मानतो, हे खरे. परंतु अतिथीनेही यजमानाची घागर रिकामी करू नये.